पावती ११७, ११८

चरईच्या बोळात, पिठाच्या गिरणीला लागून
आमचं दुकान: रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर.
वडील गेले तेव्हा पाटीवर 'आणि मुलगी'
एवढंच रंगवायचं बाकी होतं.
मी ते कधी रंगवलं नाही.
गिऱ्हाइकं आत डोकावून विचारायची,
मेकॅनिक कुठंय?

सिप्रियन परेराने विचारलं नाही.
ठाण्यातलं रॉक अँड रोल म्हणजे तेव्हा तो,
तलावपाळीचा चणेवाला त्याच्याकडे पैसे मागत नसे.
त्याने अ‍ॅम्प काउंटरवर ठेवला,
गिरणी थांबायची वाट पाहिली आणि म्हणाला,
"घणसोलीचा तो अनंता मढवी.
तो तार वाकवतो तेव्हा सूर मधेच फाटतो बघ,
वाऱ्यात शीड फाटावं तसा.
मला ते फाटणं हवंय.
त्याला कळता कामा नये."

पावती ११७. आगाऊ वीस रुपये.

चौथ्या दिवशी अनंता.
बेलापूर रोडच्या कंपन्यांचा वास कपड्यांना,
गोणपाटात गुंडाळलेला अ‍ॅम्प,
बोटांवर मिठागराचे जुने चरे.
वाशीत याचं पोस्टर माणसाहून मोठं लागायचं
आणि हा माझ्या स्टुलावर अंग चोरून.
"बाय, त्या सिप्रियनचा सूर
थांबल्यावर पन थांबत नाय.
रिकाम्या देवलान घंटा र्‍हाते तसा र्‍हाते.
माजा लगेच मरते. कर ना काय तरी.
आन त्याला नको सांगू."

पावती ११८. पैसे नंतर.

तीन रात्री दोन्ही अ‍ॅम्प उघडे, पोटं वर करून,
आणि मधे मी, नाकात कथलाचा धूर.
एकाचा व्हॉल्व्ह थोडा उपाशी ठेवला.
दुसऱ्याला स्प्रिंगांचा डबा बसवला,
कुठून काढला ते सांगत नाही.
कुणाला काही बोलले नाही.
हसू मात्र यायचं, एकटीलाच, जेवताना.

डिसेंबरात सेंट्रल मैदानावर
दोघं एकाच रात्री.
सिप्रियनने तार वाकवली
आणि ती फाटली, भर मैदानात, वरपासून खालपर्यंत.
कनातीमागे अनंताची विडी ओठातच राहिली.
मग अनंता चढला.
वाजवून थांबला, हात खाली घेतला,
सूर मात्र उभाच.
समोरच्या खुर्चीत सिप्रियन
कुणीतरी नावाने हाक मारावी तसा मागे वळला.

एकमेकांच्या घरी निघालेली दोन माणसं,
कळव्याच्या पुलावर चुकामूक,
दोन्हीकडे कुलूप.
किल्ल्या माझ्याकडे.

सिप्रियन दुसऱ्या सकाळी आला. भडकलेला.
"माझा आवाज त्याला तू दिलास?"
मी पेचकस पुढे केला. काढून घेऊ परत?
त्याने पेचकस हातात फिरवला,
गिरणीत कुणाचं तरी दळण संपलं, दुसरं सुरू झालं.
"राहू दे," म्हणाला.
"त्याच्याकडे तो जरा सुखी वाटतो."

(हे सगळं कळायला मला वर्षं लागली.
ते फाटणं अनंताचंही नव्हतं.
त्याची आत्या धवलारीण.
हळदीच्या रात्री गाऊन गाऊन गळा बसायचा तिचा,
त्याच बसलेल्या गळ्याने ती नवरीला निरोप द्यायची.
आणि सिप्रियन लहानपणी तळ्याकाठच्या चर्चमध्ये
ऑर्गनचा भाता मारायचा;
वाजवणारा उठून गेल्यावरही
भात्यात उरलेली हवा ऐकत बसायचा.
म्हणजे जिने गिटार कधी हातात धरली नाही
तिची नक्कल ठाण्यात चालली होती,
आणि घणसोलीत एका उरलेल्या हवेची.)

अनंता पैसे द्यायला आला फेब्रुवारीत.
वर्तमानपत्रात बांधलेली सुकी मांदेली घेऊन.
अ‍ॅम्पचं नावही काढलं नाही.
जाताना उंबऱ्यात थांबून विचारलं,
"तो काय बोलला का? माज्याबद्दल?"
मी म्हणाले, नाही.
मग राहवेना, म्हणून सांगितलं.
तो बराच वेळ चप्पल शोधत राहिला,
ती पायातच होती.

पावतीपुस्तक अजून आहे, वाळवीने कडा खाल्लेलं.
मी पेन दाबून लिहिते, वडील ओरडायचे त्यावरून.
११८ वर अनंताचं नाव आहे, निळं, फिकट.
त्यावरून बोट फिरवलं
की खाली सिप्रियन लागतो हाताला.